दिवाडी-चोडणला जोडीने जायचे आहे. बेटावरच्या गावात कसे राहावे?

चिखलकालो यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळचा गोव्यातल्या माशेलचा, गेली नऊ वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात आहे. माझा जोडीदार साताऱ्याचा असून आम्ही दोघे पुरुष सहा वर्षांपासून एकत्र राहतो. येत्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस गोव्यात यायचा विचार आहे आणि या वेळी किनारा नको, यावर दोघांचेही एकमत झाले आहे. त्याला पक्ष्यांचे वेड आहे. मला मांडवीतली बेटे, म्हणजे चोडण आणि दिवाडी, एकदा नीट पाहायची आहेत. माशेलच्या माणसाने हे म्हणावे याचे हसू येईल. आमच्या देवळातला देवकीकृष्ण मूळचा चोडणचा, पोर्तुगीज काळात तिथून हलवून मयेमार्गे माशेलला आणलेला, हे लहानपणापासून ऐकत आलो, आषाढात त्याच्यासमोरच्या चिखलात मनसोक्त लोळलो, पण देवाचे ते मूळ गाव शाळेच्या एका सहलीपलीकडे मी पाहिलेले नाही.

आता अडचण सांगतो. कळंगुट-बागा पट्ट्यात आम्ही यापूर्वी दोनदा राहिलो आहोत. तिथे रोज हजारो माणसे येतात आणि जातात, त्यामुळे कोण कोणाबरोबर आहे याची चौकशी करायला कोणालाच सवड नसते. बेटाचे तसे नाही. फेरीबोट ही तिथली ओसरीच असते, पाच-दहा मिनिटे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे असतात आणि आपल्याकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “तूं कोणाचो रे?” मी खोटे बोललो तरी माझ्या बोलण्याच्या हेलावरून अंत्रुजेचा, म्हणजे फोंडा भागातला, माणूस आहे हे बोट पलीकडे लागण्याआधी कळेल, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी माझ्या मामेभावाला फोन केलेला असेल. आईला आमच्याविषयी माहीत आहे. बाबांना माहीत असावे, परंतु त्यांनी ते कधी माहीत करून घेतलेले नाही.

मित्र मला कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स यांचे उदाहरण देतात. ते आपल्या जोडीदारासोबत गावात उघडपणे राहिले, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अवघ्या गोव्याने हळहळ व्यक्त केली, हे सगळे खरे आहे. मात्र ते जगभर नाव असलेले फॅशन डिझायनर होते आणि मी भुसारी दुकानदाराचा मुलगा आहे. त्यांना जे पचले ते मला पचेलच असे नाही.

त्यामुळे विचारतो : बेटावरच्या घरगुती निवासात खोली घेताना आम्ही जोडीदार आहोत हे आधी सांगावे का, की दोन मित्र म्हणून जावे आणि गप्प राहावे? एकच पलंग मागितला तर घरमालक बिचकतात का? ओळखपत्रांवरून काही अडवणूक होते का? आणि मुख्य म्हणजे, चार दिवसांत पक्षी, कांदळवन आणि खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, नीट पाहायची असतील तर मुक्काम चोडणला करावा की दिवाडीला? आम्हाला मिरवायचे नाही. फक्त चार दिवस आवाज बारीक करून बोलावे लागू नये, एवढीच इच्छा आहे.

पुण्याचा पाहुणा

आम्ही दोघे गेल्या फेब्रुवारीत दिवाडीला तीन रात्री राहून आलो, म्हणून लिहितो. आम्हीही पुरुष जोडपेच आहोत, वयाने मात्र तुमच्यापेक्षा बरेच थोराड.

पलंगाविषयीचा तुमचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्याच प्रवासात पहिली रात्र आम्ही किनाऱ्याजवळच्या एका हॉटेलात काढली. आरक्षण मोठ्या पलंगाच्या खोलीचे होते. काउंटरवरच्या मुलाने दोन्ही आधारकार्डे पाहिली, संगणकाकडे पाहिले, आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, तुमच्या बुकिंगमध्ये चूक झालेली दिसते, मी दोन पलंगांची खोली करून देतो.” आम्ही काही बोलायच्या आत त्याने किल्ली बदललीही. वर गेलो तर दोन खाटा, मध्ये एक टेबल आणि टेबलावर दिवा. रात्री आम्ही टेबल बाजूला सरकवून खाटा जोडल्या. दुसऱ्या दिवशी फिरून येईपर्यंत साफसफाई करणाऱ्याने सगळे पुन्हा जागच्या जागी लावून ठेवलेले होते. मुलाच्या मनात वाईट काही नव्हते, त्याला वाटले त्याने आमची लाज राखली. पण साठीला आलेल्या दोन माणसांनी सुट्टीत फर्निचर ओढत बसावे, हे काही बरे नव्हे.

म्हणून दिवाडीला जाण्यापूर्वी मी फोन करूनच खोली ठरवली. पहिल्या दोन घरांनी “आम्ही फक्त फॅमिलीला देतो” असे सांगितले. तिसऱ्या ठिकाणीही तेच वाक्य आले तेव्हा मी न रागावता विचारले की फॅमिली म्हणजे नेमके काय. त्यावर मालक म्हणाले, “चार पोरे येतात, रात्रभर दारू पितात, बाटल्या शेजाऱ्याच्या शेतात टाकतात, म्हणून तसे सांगावे लागते.” मग मी सांगितले की आम्ही दोनच आहोत, बावीस वर्षे एका घरात राहतो, रात्री दहाला झोपतो आणि आम्हाला मोठा पलंग हवा आहे. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. नंतर त्यांनी शाकाहारी आहात की मासे चालतात एवढेच विचारले.

मला यातून एवढे उमगले की नकाराचे पहिले कारण नेहमी आपणच असतो असे नाही. पहिल्या दोन घरांचे कारण काय होते ते मी विचारले नाही, त्यामुळे त्यांना चांगले-वाईट काहीच म्हणत नाही.

भरतीओहोटी

राहण्याचे इतर सांगतील. मी पाहण्याचे सांगते. मी पणजीत राहते आणि हिवाळ्यातले बहुतेक रविवार रायबंदरच्या धक्क्यावर दुर्बीण घेऊन घालवते.

मुक्काम दिवाडीला करा आणि पक्ष्यांसाठी दोन सकाळी चोडणला जा, असे माझे मत आहे. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सलीम अलींचे निधन १९८७ मध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी हे अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्रफळ अवघे १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे जंगल म्हणून पाहाल तर निराश व्हाल. त्याचे मोल क्षेत्रफळात नसून चिखलात आहे. रायबंदरहून फेरीने पलीकडे उतरलात की प्रवेशद्वार चालण्याच्या अंतरावर लागते. वन खात्याचा पास घ्यायचा आणि कांदळवनातून जाणाऱ्या पायवाटेने निरीक्षण मनोऱ्यापर्यंत जायचे. घाई केली तर अर्ध्या तासात संपते आणि लोक “काही नव्हते” म्हणत परत येतात. तुमच्या जोडीदाराला मात्र तिथून ओढून न्यावे लागेल.

सगळे गणित भरती-ओहोटीचे आहे. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा तुतवार, बगळे आणि कुदळे चरायला उतरतात, आणि भरती चढू लागली की होडी कांदळवनातल्या चिंचोळ्या फाट्यांमधून आत जाऊ शकते. एकाच फेरीत दोन्ही मिळत नाही. भरतीची वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी सातला चिखल मिळाला म्हणून उद्याही सातलाच मिळेल असे धरून चालू नका. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी चांगलेच मागे हटते आणि तितकेच आत येते. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान, भरती असते आणि फरक फारसा जाणवत नाही. तारखा हातात असतील तर उधाणाच्या बाजूला झुकणारे दिवस निवडा.

एक दृश्य सांगते, म्हणजे काय पाहायचे ते कळेल. ओहोटी लागल्यावर मनोऱ्याकडे न जाता वाटेतच एका जागी दहा मिनिटे न हलता उभे राहा. आधी चिखल नुसता चिखल दिसतो. मग त्यावर बोटभर लांबीचे निवटे सरपटताना दिसू लागतात. हे मासे असूनही पाण्याबाहेर येऊन परांवर रेलून बसतात आणि मध्येच टुणकन उडी मारतात. त्यानंतर बिळांच्या तोंडाशी लहान खेकडे येतात. नराची एक नांगी त्याच्या अंगाएवढी मोठी असते आणि ती तो सारखी वरखाली करत राहतो, जणू कोणाला तरी बोलावतो आहे. तुम्ही पाय हलवलात की सगळा चिखल एका क्षणात रिकामा. खंड्याच्या निरनिराळ्या जाती इथे आहेत. पांढऱ्या गळपट्टीचा निळसर खंड्या आपल्याकडे सहसा कांदळवनातच भेटतो, तेव्हा साताऱ्याहून येणाऱ्या माणसाने त्याच्यासाठी एक सकाळ राखून ठेवावी. पाणमांजरे दिसली तर नशीब. पाउलखुणा मात्र बऱ्याचदा दिसतात.

दिवाडीला पक्ष्यांपेक्षा खाजने पाहा. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेच्या, दारांतून ते हवे तेव्हा आत-बाहेर सोडायचे, पावसाळ्यात त्याच जमिनीत कोरगुटासारखे खार सोसणारे भात पिकवायचे आणि मानशीच्या तोंडाशी मासे धरायचे, ही कित्येक शतकांची व्यवस्था आहे. बांधावरून सायकलने जाताना एका बाजूला शेत आणि दुसऱ्या बाजूला त्याहून उंच पातळीवर खाडी दिसते तेव्हा तिचा खरा अर्थ कळतो. पुष्कळ ठिकाणी बांध फुटून शेतांत कांदळवन शिरले आहे; छायाचित्रात ते हिरवेगार आणि सुंदर दिसते, शेतकऱ्याला विचाराल तर तो वेगळेच सांगेल.

कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. होडीतून पाहायला हरकत नाही, परंतु पाण्यात पाय सोडून बसू नका आणि होडीवाल्याला “अजून जवळ घे” म्हणून भरीला घालू नका. बेट म्हणून कोणी तुम्हाला वास्कोच्या समोरच्या ग्रांदी बेटाची सहल सुचवील. ती गर्दीने भरलेल्या बोटींची, गाण्यांची आणि पाण्यात उड्या मारण्याची सहल असते. त्या मजेला माझा आक्षेप नाही, पण तुम्ही जे मागत आहात ते हे नाही.

जानेवारीचा दुसरा आठवडा उत्तम आहे. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे फेस्त असते आणि आधीचे नऊ दिवस नोव्हेना चालतात. त्या काळात जुन्या गोव्याच्या फेरीवर पाय ठेवायला जागा नसते. नाताळ ते नवे वर्ष हा काळ तर सांगायलाच नको.

साधासरळ

मला हा प्रश्न थोडा अवघड करून घेतल्यासारखा वाटतो. दोन पुरुष एका खोलीत राहिले तर आपल्याकडे कोणीच काही विचारत नाही. उलट अविवाहित मुलगा-मुलगीच जास्त अडचणीत येतात. मित्र म्हणून जावे, पक्षी पाहावेत, परत यावे. घरमालकाला आपले खासगी आयुष्य सांगायची गरज काय? मी विरोधातून लिहीत नाही, सोयीचे काय ते सांगतो आहे.

दिवाडीची सून

साधासरळ यांना आधी उत्तर देते. मी दिवाडीला पंचवीस वर्षे संसार केला आहे आणि घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देते. आमच्या घरी माणूस खोलीत राहत नाही, घरात राहतो. सकाळी चहा माझ्या स्वयंपाकघरात होतो, संध्याकाळी तो आमच्याबरोबर बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसतो, आणि बसला की बोलणे निघतेच : लग्न झाले का, मुले किती, बायको काय करते. चार दिवस या प्रश्नांना टोलवत राहणे म्हणजे चार दिवस अंग चोरून वावरणे. प्रश्नकर्त्याला नेमके तेच नको आहे. हॉटेलात तुमचे म्हणणे खरे ठरेल, घरात नाही.

आता चिखलकालो यांना. “तूं कोणाचो?” या प्रश्नाला इतके घाबरू नका. आमच्याकडची म्हातारी माणसे तो प्रश्न झाडाचे नाव विचारावे तसा विचारतात. माणसाला कुठल्या तरी वाड्यावर नेऊन बसवल्याशिवाय त्यांना पुढे बोलता येत नाही. “माशेलचो, देवकीकृष्णाच्या देवळालागचो” एवढे म्हणालात की त्यांची गाडी देवळाच्या कालोत्सवाकडे वळेल आणि तुमच्या सोबत्याचा विषय मागे राहील. बरोबरच्या माणसाविषयी विचारलेच तर “हो म्हज्या घरचो” म्हणा. कोकणीत हे पुरेसे आहे आणि खोटेही नाही.

पण गोड चित्र रंगवणार नाही. गाव लहान आहे, बातमी पोहोचते. तुमच्या मामेभावाला फोन जाईल ही भीती अनाठायी आहे असे मी म्हणू शकत नाही, कारण मीच अशा बातम्या पोहोचताना पाहिल्या आहेत. तिंट्यावर, म्हणजे नाक्यावर, बसणारी काही पोरे आहेत, ती मागून काहीतरी बोलतील, आणि पियेदादच्या चर्चमध्ये रविवारी येणाऱ्या सगळ्यांची मते एकसारखी नाहीत, तशीच आमच्या देवळात येणाऱ्यांचीही नाहीत. अंगावर कोणी येईल असे मात्र मला वाटत नाही. मुक्कामाच्या आधी आईला सांगून ठेवा की तुम्ही दोघे दिवाडीला आहात. म्हणजे बातमी गेली तरी ती तिच्यापर्यंत शिळी होऊन पोहोचेल.

माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते, नावे सांगत नाही. मुलगा परदेशात असतो. सात वर्षे तो आला नाही, कारण एकटा ये असे घरून सांगितले जाई आणि एकटे यायला तो तयार नव्हता. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी आमच्याकडे बोंदेरां असतो, रंगीत निशाणे घेऊन वाड्यावाड्यांच्या मिरवणुका निघतात, सगळे बेट रस्त्यावर येते. त्या वर्षी तो आला, जोडीदाराला घेऊनच आला. बापाने दोघांना बल्कांवात आपल्या शेजारी बसवले. समोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाने थांबून पाहिले, आणि एका म्हातारीने तर सरळ विचारलेच की हा गोरा कोण. बापाने पायाजवळचे निशाण उचलून त्या पाहुण्याच्या हातात दिले आणि म्हणाला, “हो म्हज्या पुताचो मनीस.” म्हातारी “बरें” म्हणाली आणि पुढे गेली. त्या बापाला ते वाक्य जुळवायला सात वर्षे लागली हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून ते सोपे होते असे कोणी समजू नये.

व्यवहाराचे थोडे : बेटावर खाणावळी मोजक्या आहेत, जेवण आदल्या दिवशी सांगावे लागते. फेरीला पायी माणसाला पैसे पडत नाहीत. रात्री फेऱ्या विरळ होतात, तेव्हा पणजीत जेवायला गेलात तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर अधिकृत भाड्याची, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. दिवाडीला जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि पलीकडून नार्व्याहून अशा तिन्ही बाजूंनी फेरी आहे. तुम्ही नार्व्याच्या बाजूने आलात तर वाटेत सप्तकोटेश्वराचे देऊळही होईल. तोही देव मूळचा आमच्याच दिवाडीचा, आणि त्याच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केला. आमच्या बेटांवरून देवांनाही रातोरात पलीकडे जावे लागले होते, हे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगते.

फोंड्याची वकील

ओळखपत्र आणि कायदा यांविषयी विचारले आहे म्हणून तेवढेच लिहिते.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात निकाल देऊन प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात असे संबंध गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या दंड संहितेतल्या कलम ३७७ सारखे कलमच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र नकार दिला. या सगळ्याचा तुमच्या खोलीपुरता अर्थ असा की कायद्याच्या नजरेत तुम्ही एका खोलीत राहणारे दोन प्रौढ नागरिक आहात. निवासचालकाने पाहुण्यांची ओळख नोंदवून घेणे योग्यच आहे. पाहुण्यांचे आपसातले नाते नोंदवून घेण्याचा त्याला कोणताही आधार नाही. दोन प्रौढांनी एक खोली घेण्यासाठी विवाहित असावे लागते, असे सांगणारा कायदाही नाही; मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अविवाहित जोडप्यांच्या संदर्भात हे स्पष्ट केले आहे.

दुसरी बाजूही ऐका. समलैंगिक असल्याचे कारण देऊन खासगी घरमालकाने खोली नाकारली तर त्याला थेट लागू करता येईल असा स्वतंत्र भेदभावविरोधी कायदा देशात अजून नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ च्या कायद्यात निवास आणि सेवा यांबाबतच्या भेदभावाला मनाई आहे, परंतु तुमच्यासारख्या जोडप्याला तिचा उपयोग नाही. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या व्यवसायांना १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्यामुळे नोंदणी असलेलेच घर निवडा. आरक्षण घेऊन ऐनवेळी बाहेर काढले, पैसे बुडवले किंवा अपमान केला तर तक्रार कोठे करायची हे तरी निश्चित असते. फोनवर जे ठरले ते दोन ओळींत लिहून पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. पुण्याच्या पाहुण्यांची खोली बदलली गेली तेव्हा त्यांच्याकडे असा लेखी मजकूर असता तर टेबल ओढावे लागले नसते. आधारची प्रत द्यायची असेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत काढता येते, तीच द्या.

शेवटचा मुद्दा कोणी मांडलेला नाही. प्रवासात डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या माणसाने भेटायला बोलवायचे, मग दोन-तीन जणांनी येऊन फोटो काढून घरी सांगण्याची धमकी द्यायची आणि पैसे उकळायचे, हे प्रकार देशभर घडतात. तुम्ही जोडीने येत आहात म्हणून धोका कमी आहे. तरीही हे वाचणाऱ्या एकट्या प्रवाशांसाठी लिहिते. असा प्रसंग आला तर पहिला हप्ताही देऊ नये, ११२ वर फोन करावा, पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर कळवावे. यात गुन्हेगार धमकी देणारा आहे, भेटायला गेलेला नाही, हे पोलीस ठाण्यात निःशंकपणे सांगावे.

चिखलकालो

सर्वांचे मनापासून आभार. काय ठरले ते सांगतो.

भरतीओहोटी यांच्या सल्ल्याप्रमाणे आम्ही तारखा दोन दिवसांनी सरकवल्या आहेत. माझ्या जोडीदाराने भरतीचे कोष्टक छापून फ्रिजवर लावले असून त्यात “निवटे” या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आहेत. मुक्काम चारही रात्री दिवाडीलाच. चोडणला दोन सकाळी. परतीच्या दिवशी मयेच्या बाजूने उतरून माशेलला देवळात जायचा विचार आहे, तो मात्र अजून पक्का नाही. आईला सांगितले. ती एवढेच म्हणाली की देवळात येणार असाल तर दुपारी बारानंतर या, त्या वेळी बाबा दुकान बंद करून घरी जेवत असतात. तिने हे वेळ टाळण्यासाठी सांगितले की साधण्यासाठी, ते मला कळले नाही आणि मी विचारलेही नाही.

साधासरळ, तुमचा राग नाही. पुण्यात आम्ही पहिली दोन वर्षे तुम्ही सांगता तसेच राहिलो. जमते, पण मग जेवताना कोणासमोर कोणते सर्वनाम वापरायचे याचाही हिशेब ठेवावा लागतो.

घर शोधायला तीन फोन करावे लागले. पहिल्या ठिकाणी जागा नव्हती, दुसऱ्या ठिकाणी “विचारून सांगतो” म्हणाले आणि नंतर काही कळवले नाही. तिसऱ्या घरी फोन एका वयस्क बाईंनी उचलला. मी पाठ केलेले सगळे एका दमात सांगून टाकले : दोघे पुरुष आहोत, जोडीने राहतो, दारू नाही, गोंधळ नाही, पहाटे पक्षी पाहायला जाणार, एकच मोठा पलंग हवा. पलीकडे कढईत दवली फिरत होती तिचा आवाज थांबला. मी माशेलचा आहे हे न विचारताच सांगून बसलो. मग दवली पुन्हा फिरू लागली आणि त्या म्हणाल्या, “मच्छरदाणी एकूच आसा, पूण व्हडली आसा. जाता मरे?”

जाता, म्हणजे चालेल, असे सांगितले आहे.